भरल्या पोटाचं पोर

१

मंगळवार हा वजनाचा वार. सकाळी दहाच्या सुमाराला लेकुरवाळ्या बायका दवाखान्यात येऊन बसत, जाडजूड कोट काढत, एकमेकींच्या पोरांना नावं ठेवत आणि आपलं पोर काट्यावर ठेवलं की फेदोराच्या तोंडाकडे बघत. दवाखाना म्हणजे नदीकाठी खांबांवर उभ्या केलेल्या दोन खोल्या. औषधांचं एक कपाट, एक फोन, दोन वजनकाटे. डॉक्टर बेथेल शहरात, विमानानं पाऊण तासावर, तेही आभाळाच्या मनात असेल तर. एरवी गावातला ताप, खोकला, मोडलेली हाडं आणि बायकांची गाऱ्हाणी, सगळं फेदोराच्या गळ्यात. अकरा वर्षं ती हे करत होती.

सगळ्यांची पोरं झाली की शेवटी ती आपलं पोर काट्यावर ठेवायची. सोळा महिन्यांचा मुलगा, नाव कावियाक. मार्चच्या त्या मंगळवारी काट्यानं चोवीस पौंड दाखवले. तिनं वहीत मागे बघितलं. तीन आठवड्यांपूर्वी एकोणीस.

तीन आठवड्यांत पाच पौंड म्हणजे भलतंच. दुसऱ्या कुणाचं पोर असतं तर तिनं कौतुक केलं असतं आणि वही मिटली असती. पण हे तिचं होतं. आणि तीन आठवडे ह्या पोरानं घरात घास म्हणून तोंडात घेतलेला नव्हता, हे तिच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

कावियाक हे तिच्या थोरल्या भावाचं नाव. गेल्याच्या गेल्या वर्षी ऑक्टोबरात तो गेला आणि सहा आठवड्यांनी हा जन्मला. फेदोराच्या आईनं, उलियानानं, बोट पाण्यात बुडवून बाळाच्या ओठांना लावलं आणि ते नाव ह्याला दिलं. त्या दिवसापासून उलियाना नातवाला 'माझ्या लेका' म्हणू लागली आणि फेदोरा आपल्याच पोराला 'दादा'. ह्यात कुणाला वावगं वाटायचं काही कारण नव्हतं. गावात जो तो कुणाचा ना कुणाचा परत आलेला माणूस होताच. फेदोराचा नवरा वास्का हा खालच्या आळीतल्या सत्तर वर्षांच्या म्हातारीचा आजोबा होता, आणि ती म्हातारी भर रस्त्यात त्याला गाठून "आजोबा, मासे कधी देणार?" म्हणून हट्ट करायची. तो बिचारा द्यायचा.

अशा पोराला भरवलं की ते गेलेल्याला पोचतं. म्हणून कावियाकला पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा पहिला घास. कुणी सुका मासा आणायचं, कुणी सीलच्या तेलात बुडवलेलं बिस्किट, कुणी चरबीत घोटलेली जांभळी बोरं. पहिलं वर्षभर पोर बैलासारखं जेवलं आणि काडीसारखं राहिलं. फेदोरा काळजी करायची. उलियाना मात्र खूश असायची. "त्याच्या अंगी कसं लागेल? सगळं तिकडे पोचतंय ना!" असं म्हणून ती अजून एक घास भरवायची.

आणि आता हे उलटं. फेदोरानं चोवीसचा आकडा लिहिला आणि मनाशी म्हणाली, आई चोरून भरवते. दुसरं काय असणार?

२

उलियाना खिडकीपाशी बसून बूट शिवत होती. सुई न थांबवता तिनं लेकीचं सगळं ऐकून घेतलं.

"मी माझ्या लेकाला भरवते, त्यात चोरून काय? उघड भरवते."

"काय भरवतेस ते सांग ना मग. मला लिहून ठेवायचंय."

"तू लिही हो. तुझ्या वहीत बसेल तेवढंच खरं तुझ्यासाठी."

"आई, भांडू नकोस. पाच पौंड वाढलाय तो. घरी काही खात नाही. म्हणजे इथेच खातो ना?"

सुई थांबली. म्हातारीनं बूट मांडीवर ठेवला आणि पोराकडे बघितलं. पोर जमिनीवर पाय पसरून बसलं होतं. गुबगुबीत, लालचुटूक गालांचं. खेळत नव्हतं. खिडकीतून नदीपलीकडच्या टेकडीकडे बघत होतं.

"नाही खात," उलियाना हळूच म्हणाली. "मला वाटलं तू पोट भरून पाठवतेस."

"मी कशी पाठवीन? तोंड उघडेल तर ना!"

"इथेही नाही उघडत. परवा मी आकुताक केलं त्याच्यासाठी, चरबीत बोरं घोटून. त्याच्यासमोर वाडगा धरून बसले तासभर. तो माझ्याकडे बघून हसला, फेदोरा. जेवून उठलेला माणूस हसतो ना, आता नको गं, पोट भरलंय, तसा."

फेदोरा पोराला उचलून निघाली. दाराशी तिनं त्याला हाक मारली, "दादा, आजीला टाटा कर." त्यानं मान वळवली नाही. ती पुन्हा म्हणाली. नाहीच. कानात मळ असेल, तिनं ठरवलं. उद्या कान बघू.

दुसऱ्या दिवशी तिनं कान बघितले. लख्ख होते.

३

शनिवारी तिनं त्याला दिवसभर डोळ्यांसमोर ठेवायचं ठरवलं. कुणाला घरात घेतलं नाही, स्वतः बाहेर गेली नाही. वास्का विमानतळावर सामान उतरवायला जायचा, तो आज सुट्टीवर होता आणि जाळं दुरुस्त करत बसला होता.

"बायको, पोर आहे ते, कैदी नाही," तो म्हणाला. "फुकटात जेवतोय तर जेवू दे की. दुकानात दुधाचा भाव बघितलास का? अशी आणखी दोन झाली तरी मी तक्रार करणार नाही."

"तुला मस्करी सुचतेय."

"मग काय सुचू दे? पोर आजारी आहे का? नाही. रडतं का? नाही. माझ्या आईला असं पोर मिळालं असतं तर तिनं चर्चमध्ये मेणबत्ती लावली असती."

हेच तर होतं. पोर रडत नव्हतं. पडलं तरी नाही, चिमटा बसला तरी नाही. तीन आठवड्यांत ते रडल्याचं फेदोराला आठवत नव्हतं.

साडेबाराला ते सुरू झालं. पोर जमिनीवर बसलं होतं, हात मोकळे, तोंड मिटलेलं. मग त्याचा जबडा हलू लागला. सावकाश, एका बाजूनं, मग दुसऱ्या. चिवट मांस चावताना हलतो तसा. गिळलं. घशाची छोटीशी गाठ वर गेली, खाली आली. पुन्हा चावणं. फेदोरानं घड्याळ लावलं. बावीस मिनिटं. मग त्यानं ढेकर दिली आणि मनगटानं तोंड पुसलं.

तिनं त्याला मांडीवर घेतलं, जीभ दाबायची पट्टी आणली, बॅटरी लावली. तोंड रिकामं होतं. पण वास आला. सीलच्या ताज्या काळजाचा, नुकतंच कापलेलं, अजून वाफ येतेय अशा काळजाचा वास. तो वास ओळखायला तिला कुणाची गरज नव्हती. पण मार्चात सील कुठला? शिकारी अजून समुद्रावर गेलेच नव्हते. गावातल्या फ्रीझरांत मासे होते आणि एखाद्याकडे हरणाचा पाय, बस.

"वास्का, इकडे ये. वास घे."

त्यानं वाकून वास घेतला. मग तो ताठ उभा राहिला आणि जाळ्याकडे परत गेला. त्यानंतर त्या दिवशी त्यानं एकही मस्करी केली नाही.

संध्याकाळी पाचला पुन्हा तेच. ह्या वेळी दोन दातांच्या फटीत एक काळपट धागा दिसला. फेदोरानं तो चिमट्यानं ओढून काढला. मांसाचा तंतू होता, चांगला बोटभर लांब. तिनं तो बाटलीत घातला, बाटलीवर तारीख लिहिली. हे सगळं तिनं नीट केलं. मग न्हाणीघरात जाऊन दाराला कडी लावली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. भीती वाटत होती, स्वतःच्या पोराची भीती, आणि तिला त्याची लाज वाटत होती.

सोमवारी तिनं डॉक्टरांना फोन केला. आकडे सांगितले. धाग्याचं सांगितलं नाही.

"चोवीस पौंड? अगदी छान," डॉक्टर म्हणाले. "आजी लोकांना विचार, कुणीतरी लाड करतंय."

४

पुढच्या मंगळवारी पोरं गेल्यावर लिगाया आली. गावच्या शाळेत गणित शिकवणारी बाई, फिलिपाइन्सची. सात हिवाळे इथे काढले होते आणि आठवड्याला एकदा रक्तदाब बघून घ्यायच्या निमित्तानं गप्पांना यायची.

"वाढलाय," फेदोरा पट्टा सोडत म्हणाली. "खारवलेले मासे कमी कर, ताई."

"तुमच्या गावात राहून? मग खाऊ काय, बर्फ?" लिगाया हसली. मग तिची नजर कोपऱ्यात गेली आणि हसू तसंच राहिलं. साडेबारा वाजले होते. पोर चावत होतं.

लिगाया बराच वेळ बघत होती. "किती दिवस?" तिनं विचारलं. तिनं 'हे काय' असं विचारलं नाही, ह्याचंच फेदोराला जास्त वाटलं.

"महिना होईल."

"आमच्या बेटावर," लिगाया म्हणाली, "मोठ्या झाडांत माणसं राहतात असं म्हणतात. तुम्ही पलीकडच्या टेकडीबद्दल म्हणता तसंच. माझा मामा लाकडं तोडायला गेला तो चार दिवस आलाच नाही. मग आला. तिथे त्याच्यापुढे रोज ताट वाढत होते म्हणे, काळा भात. तो त्याला शिवलाही नाही. आजीनं लहानपणी शिकवलं होतं, जो जेवला तो त्यांचा झाला, जो उपाशी राहिला त्याला सोडावंच लागतं."

"आणि जेवला असता तर?"

"मग मला ही गोष्ट सांगायला मामा राहिला नसता." तिनं कोट घातला. "माझं रक्तदाबाचं यंत्र खरं, बाकी ऐकीव गोष्टी. तू मनाला लावून घेऊ नकोस." पण जाताना ती पोराच्या बाजूनं गेली नाही, टेबलाला वळसा घालून गेली.

फेदोरा वही भरत बसली. चावणं संपवून पोर उठलं आणि मोठ्या माणसांच्या काट्यावर चढून उभं राहिलं. पाठ तिच्याकडे, तोंड खिडकीकडे. काट्याची टिकटिक झाली. तिनं सवयीनं मान वर केली.

एकशे एकाहत्तर.

तिनं पोराला उतरवलं. शून्य. पुन्हा ठेवलं. सव्वीस. काट्यातले सेल काढले, नवे घातले. सव्वीस. सेल संपत आले की काटा वाटेल ते दाखवतो, हे तिनं स्वतः चार जणांना सांगितलं होतं. आता तिनं ते स्वतःला सांगितलं. तरी हात कपाटाकडे गेलाच. मेलेल्यांच्या फाइली खालच्या खणात होत्या. दादाची वरच मिळाली. दर ऑगस्टला ती त्याला ओढून आणायची तपासणीला. तिच्याच अक्षरात, तीन वर्षं ओळीनं, एकच आकडा. ती चिडवायची त्याला, "दादा, काटा तुला घाबरतो, हलतच नाही!" एकशे एकाहत्तर.

तिनं पोराचा हात धरला. खोलीत शेगडी धडधडत होती आणि हात असा गार होता, जसा बाहेरून आत्ता आलेल्या माणसाचा असतो.

"दादा," ती म्हणाली. त्यानं बघितलं नाही. तो पलीकडच्या टेकडीकडे बघत होता.

५

ह्या खेपेला ती आईसमोर ताठ उभी राहिली आणि म्हणाली, "खरं सांग. नाव देताना तू काय केलंस?"

उलियानाला रडू येत नसे. नवरा गेला तेव्हाही आलं नव्हतं. आता तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"घाई केली," ती म्हणाली.

सगळ्या गावाला माहीत होतं की शिकारीला गेलेल्या दादाची गाडी नदीत बुडाली नव्हती. बर्फावर चालणारी त्याची स्नोमशीन टेकडीच्या पायथ्याशी उभी सापडली, नीट बंद केलेली, बंदूक पाठीमागे बांधलेली. थर्मासच्या झाकणात ओतलेला चहा गोठला होता. चहा पिता पिता कुणीतरी हाक मारावी आणि माणसानं झाकण ठेवून उठावं, तसं. जवळच नदीवर पातळ बर्फ होता. सात दिवस शोधलं आणि मग सगळे म्हणाले, नदीनं नेला. जाणती माणसं म्हणाली, नाव इतक्यात देऊ नका. बर्फ फुटू दे, नदी मोकळी होऊ दे, अंग मिळतंय का बघू.

"वरच्या गावात माझ्या नणंदेच्या नातीला दिवस गेले होते," उलियाना म्हणाली. "तिचं बाळ आधी झालं असतं तर तिनं नाव नेलं असतं. माझा लेक दुसऱ्याच्या घरी गेला असता. तुझं पोर आधी झालं. मला वाटलं, तोच घाईनं आला माझ्याकडे. मी थांबले नाही गं."

"म्हणजे?"

"म्हणजे काय! मेलेला माणूस जेवत नाही, त्याला आपण जेवू घालतो. तो तर त्या टेकडीत बसून दोन वेळा जेवतोय. माझा लेक जिवंत आहे. मी जिवंत माणसाचं नाव दुसऱ्याला दिलं. आता एकाचं तोंड आणि दुसऱ्याचं पोट."

फेदोराच्या मनात दोन गोष्टी एकदमच आल्या आणि दोन्ही तिला आयुष्यभर आठवणार होत्या. पहिली, दादा जिवंत आहे, ह्याचा आनंद. छाती फुटेल असा. दुसरी, पोर. टेकडीतल्या ताटातलं रोजचं जेवण कुणाच्या पोटात जातंय, हे सांगायला शिकावं लागत नव्हतं.

"नाव काढ," ती म्हणाली.

"आणि तो?"

"आई, हा मला ओळखत नाही. रडत नाही. आज तो काट्यावर उभा राहिला तर..." तिनं पोराला जवळ ओढलं. "तुझा लेक मोठा होता. बाप्या होता. हा सोळा महिन्यांचा आहे. नाव काढ."

"नाव काढलं तर त्याला इकडे यायला काय उरतं? कशाच्या आधारानं येईल तो?"

"मला माहीत नाही."

"तुझा भाऊ आहे तो. तुझी शाळा व्हावी म्हणून चार हिवाळे त्यानं एकट्यानं घर भरलं."

"माहीत आहे मला!" फेदोरा ओरडली. "सगळं माहीत आहे. काढ."

उलियाना पुष्कळ वेळ पोराकडे बघत बसली. "माझ्या लेका," ती म्हणाली, एकदाच, आणि उठून पेल्यात पाणी घेतलं. तिची धाकटी बहीण अत्साक नाताळात गेली होती. तिचं नाव अजून कुणाला दिलेलं नव्हतं. म्हातारीनं बोट बुडवलं, पोराच्या ओठांना लावलं, आणि म्हणाली, "अत्साक. पाणी पी, बाई. तहान लागली असेल."

पोरानं तोंड वेडंवाकडं केलं. मग ते रडलं. असं रडलं की शेजारच्या घरातून भिंत ठोकली. फेदोरा त्याला छातीशी धरून जमिनीवरच बसली आणि तीही रडली.

त्या दिवशी पोरानं मासळीचं सूप दोन वाट्या प्यायलं आणि तिसरी सांडली.

६

पुढचे पंधरा दिवस घर घरासारखं होतं. पोर हाक मारली की वळायचं, पडलं की भोकांड पसरायचं, वाडगा दिसला की धावायचं. वजन बावीसवर आलं आणि तिथे थांबलं, जिथे असायला हवं तिथे. उलियाना आता नातवाला 'धाकटे' म्हणायची आणि त्याच्या केसांना तेल लावताना बहिणीला सांगाव्या तशा गावातल्या भानगडी सांगायची. वास्काला मस्करी परत सुचली होती. "लेक गेला आणि घरात मावससासू आली," तो सगळ्यांना सांगायचा. "आता मला वचकून राहायला हवं."

दादाचं नाव कुणी काढत नव्हतं. फेदोरा नदीकडच्या खिडकीला पडदा लावावा म्हणत होती, पण राहून जात होतं.

त्या शनिवारी शाळेच्या हॉलमध्ये बास्केटबॉलचे सामने होते. शेजारची तीन गावं आली होती आणि घराघरातली माणसं तिकडे. दुपारचे चार, लख्ख ऊन, बर्फावरून डोळे दिपत होते. हॉलमधला आरडाओरडा आणि शिट्टी उलियानाच्या नदीकाठच्या घरापर्यंत येत होती. फेदोरानं पोराला टेबलाशी बसवून सूप दिलं होतं. उलियाना बाहेर ओट्यावर सुके मासे काढायला गेली होती.

"फेदोरा," ती बाहेरून म्हणाली. अगदी साध्या आवाजात.

फेदोरा दाराशी आली. नदीच्या मधोमध, गोठलेल्या पात्रावर एक माणूस उभा होता. टेकडीकडून आला होता. मागे त्याची पावलं दिसत होती, सरळ, एका रेषेत. उन्हाकडे पाठ असल्यामुळे तोंड काळोखात होतं. पण उभं राहायची ती तऱ्हा, एक खांदा जरा खाली. तिला तोंड बघायची गरज नव्हती.

तिच्या मनानं लगेच उत्तरं शोधली. पाहुण्या गावचा कुणी असेल. मशीन बंद पडली असेल. पण मग तो पुढे का येत नाही? काठ शंभर पावलांवर होता. तो घराकडे तोंड करून नुसता उभा होता, दारात थांबलेल्या पाहुण्यासारखा.

"बोलावल्याशिवाय यायचा नाही तो," उलियाना म्हणाली. तिच्या हातातले मासे खाली पडले होते. "तिकडून आलेल्याला नावानं हाक मारावी लागते." आणि फेदोराला काही सुचायच्या आत म्हातारीनं दोन्ही हात तोंडाशी धरून हाक मारली, "कावियाक!"

"आलो, आई."

उत्तर मागून आलं. घरातून.

नदीवरच्या माणसानं एक पाऊल पुढे टाकलं.

फेदोरा वळली. पोराला चारच शब्द येत होते, त्यातला 'आलो' नव्हता. आवाज पोराचाच होता, बारीक. पण 'आलो' मधला 'लो' लांबवायची ती लकब दादाची होती. पोरानं चमचा खाली ठेवला होता. दोन्ही तळवे गुडघ्यांवर टेकवून ते ताठ बसलं होतं, मोठी माणसं बसतात तसं.

"कावियाक! बाळा, ये रे!"

"आलो, आई."

माणसानं आणखी एक पाऊल टाकलं. पोराची नखं निळी झालेली फेदोराला दारातूनसुद्धा दिसली. ओठही. डोळे उघडे होते आणि ते तिच्या आरपार नदीवर लागले होते. उलियानानं तिसऱ्या हाकेसाठी छाती भरून घेतली.

फेदोरानं मागून तिला धरलं आणि तिच्या तोंडावर हात दाबला.

म्हातारीच्या अंगात एवढा जोर असेल असं तिला वाटलं नव्हतं. ती लाथा झाडत होती, कोपरं मारत होती. तिनं तळहाताला कडकडून चावा घेतला. फेदोरानं हात काढला नाही. ती आईच्या कानाशी "नको, आई, नको, नको" एवढंच म्हणत राहिली आणि तिचे डोळे मात्र नदीवर होते. दादा उभा होता. त्यानं मान जराशी कलती केली, लांबून हाक आली की काय ते ऐकायला. हॉलमध्ये कुणीतरी बास्केट मारली, मोठा ओरडा झाला. त्यानं तिकडे वळून बघितलं, पुन्हा ह्या घराकडे. तिला त्याला हाक मारायची होती. आयुष्यात कशाची इतकी इच्छा झाली नव्हती. तिनं स्वतःचे ओठ दातांखाली धरले.

किती वेळ गेला कुणास ठाऊक. अखेर त्यानं हात थोडा वर केला. निरोपाचा होता की नुसता ऊन अडवायला, ते तिला कळलं नाही. मग तो वळला. वळताना एक क्षण उन्हाचा प्रकाश त्याच्या तोंडावर पडला. आणि तो आल्या पावलांवरून परत गेला, टेकडीकडे, घाई न करता.

तो दिसेनासा झाला तेव्हा तिनं हात काढला. तळहातातून रक्त येत होतं. तिला वाटलं आई आता शिव्या देईल, मारेल, आणि तिनं मारावं असं तिला मनापासून वाटत होतं. उलियाना ओट्याच्या फळीवर बसली.

"तोंड बघितलंस त्याचं?" ती म्हणाली. "नुसती हाडं राहिलीत गं. इतके दिवस जेवला, आणि त्याच्या पोटात काहीच गेलं नव्हतं. म्हणून तर सुटून आला होता. उपाशी आला होता माझ्या दारात."

आत पोर चमचा आपटत मोठमोठ्यानं रडत होतं. सूप संपलं होतं आणि त्याला अजून हवं होतं.